ठिपक्याच्या राज्यात नवा मासा

कॉमन रूममध्ये टी.व्ही.च्या उजव्या बाजूला जो चार फुटी टँक आहे तो तुम्ही सगळ्यांनीच पाहिला आहे. मॅच चालू असली की निम्मी पब्लिक त्याला पाठ टेकून उभी असते. (कृपया टेकू नका. काच जाड असली तरी जोड शेवटी सिलिकॉनचाच आहे!) पण त्या टँकमध्ये नक्की काय चालतं हे फार थोड्यांना माहीत आहे. गेली अडीच वर्षं त्याची जबाबदारी माझ्याकडे आणि माझ्या पार्टनरकडे आहे. येत्या जूनमध्ये आमची बॅच बाहेर पडेल. तेव्हा हा लेख म्हणजे एक प्रकारचा चार्ज हँडओव्हर समजा.

पाणी कसं बदलायचं, फिल्टर कसा धुवायचा, लाइट गेली तर काय करायचं हे सगळं टँकखालच्या वहीत लिहून ठेवलं आहे. इथे मी एकाच विषयावर लिहिणार आहे, कारण त्या विषयात आम्ही दोनदा सपशेल नापास झालो आणि मग के.टी. सोडवली. तो विषय म्हणजे, जुने मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवा मासा कसा सोडायचा.

आधी टँकची ओळख

टँक ४ × १.५ × १.५ फुटांचा आहे. म्हणजे ९ घनफूट, सुमारे २५५ लिटर. वरची मोकळी जागा आणि आतली कौलं वजा केली तर प्रत्यक्ष पाणी २२० लिटरच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एकूण जवळजवळ ८ किलो. हे मेसमधलं मीठ नव्हे! मेसच्या मिठात सोडियम क्लोराइड असतं, पण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं. म्हणून तयार सागरी मिठाचं मिश्रण आर.ओ.च्या पाण्यात कालवावं लागतं. तापमान २५-२६ अंश आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५. हे दोन आकडे पाठ करून ठेवा.

आत प्रवाळ का नाहीत असं दर नवीन बॅच विचारते. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या पंगतीत. ते काढणं, विकणं, विकत घेणं सगळाच गुन्हा. म्हणून आपल्या टँकमध्ये फुटकी मंगळुरी कौलं आणि पी.व्ही.सी.चे एल्बो आहेत. दिसायला साधे आहेत, पण माशाला त्याचं काही वाटत नाही. त्याला रंग नको असतो, भोक हवं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रहिवासी. संगमरवरी पट्ट्यांचे दोन केशरी क्लाऊनफिश. आणि आपले सगळ्यांचे लाडके ठिपक्याराव. हा डोमिनो डॅमसेल. काळाभोर, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. (वय वाढलं की हे ठिपके पुसट होतात, आमच्यासमोरच झाले.) आमच्या आधीच्या बॅचने हा टँक बसवला तेव्हा पहिला मासा म्हणून ठिपक्यालाच सोडलं होतं. त्या काळी तशीच पद्धत होती. नव्या टँकमध्ये माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवरचं विषारी पाणी डॅमसेल सहन करतो, म्हणून त्याला आधी टाकायचं. माशाच्या दृष्टीने ही क्रूर पद्धत आहेच. पण त्यात दुसरी एक चूक दडलेली आहे. जो सर्वांत भांडखोर, त्यालाच आपण सर्वांत आधी सातबारा लिहून देतो.

मासा भांडतो का?

गोड्या पाण्याचे गप्पी, मॉली ज्यांनी घरी पाळलेत त्यांना हे भांडण नवीन वाटेल. प्रवाळांतल्या माशाचं जग वेगळं आहे. तिथे जागा म्हणजे सर्व काही. रात्री झोपायला आणि मोठ्या माशापासून लपायला एक भोक लागतं. खायला शेवाळाचा तुकडा लागतो. डॅमसेल कुळातले काही मासे तर शेवाळाची अक्षरशः शेती करतात, नको ते शेवाळ उपटून टाकतात आणि आपल्या वावरात दुसऱ्याला चरू देत नाहीत. शिवाय बरेच डॅमसेल दगडावर अंडी घालतात आणि नर त्यांची राखण करतो. भोक, अन्न, अंडी. या तिघांसाठी भांडणं हा त्याचा दुष्टपणा नाही. तो न भांडता तर त्याचा वंशच उरला नसता.

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने प्रवाळांतले मासे टँकमध्ये ठेवून या भांडणांचा अभ्यास केला आणि १९६३ साली आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं. १९७३ मध्ये त्यांना टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्यांचं एक निरीक्षण आम्हाला फार उपयोगी पडलं. मासा सर्वांशी सारखा भांडत नाही, तो सर्वांत जास्त आपल्याच जातीच्या माशाशी भांडतो. कारण उघड आहे. त्याला हवं ते भोक, तेच अन्न आणि तीच जोडीदारीण आपल्याच जातीच्या दुसऱ्याला हवी असते. पाळणाऱ्यांचा अनुभव त्याला जोड देतो: त्याच जातीचा, त्याच रंगाचा, त्याच आकाराचा किंवा तेच खाणारा मासा आला की जुना मासा चिडतो.

(लोरेन्झ यांनी माशांवरून आणि बदकांवरून माणसांबद्दल जी अनुमानं काढली त्यांवर पुढे बरीच टीका झाली. ती मला पटते. पण त्याबद्दल शेवटी.)

दुसरी गोष्ट म्हणजे आधी आलेल्याचा फायदा. दोन सारख्याच ताकदीचे मासे घ्या. जो जागेवर आधीपासून आहे, तो बहुतेक वेळा जिंकतो. त्याला प्रत्येक भोक माहीत असतं, नव्याला एकही माहीत नसतं.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. समुद्रातही डॅमसेल नव्या माशावर धावून जातो. पण तिथे हरलेला मासा दहा-वीस फूट लांब पळतो, हद्द संपते, भांडणही संपतं. आपल्या टँकची लांबी चार फूट. हरलेला पळतो आणि काचेवर आपटतो. तो अजून हद्दीतच आहे असं ठिपक्याला दिसतं, मग तो पुन्हा धावतो. म्हणजे स्वभाव समुद्रातलाच आहे, पण आपण बाउंड्री कंडिशन बदललेली आहे. सोल्यूशन वेगळं येणारच! दोष माशाचा नाही, भिंत आपण घातली आहे.

आमचे दोन मृत्यू

मी सेकंड इयरला असताना ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी वर्गणी काढून एक फायरफिश आणला. पुढून पांढरट, मागून लालभडक, पाठीवर लांब तुरा. अतिशय गरीब मासा. मुंबईहून रात्रीच्या एस.टी.ने थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन आलो. सकाळी सात वाजता पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवली, पंधरा मिनिटांनी उघडली आणि सोडला. दिवे चालू, बघायला वीस जण, ठिपक्या उपाशी. एकाच वेळी जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या.

ठिपक्या तीन सेकंदांत आला. फायरफिश पंपाच्या मागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, बसेल हळूहळू जागेवर. सबमिशन चालू होतं, मी जर्नल लिहायला निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या रूमच्या नव्या मुलाने मला उठवलं. फायरफिश टँकच्या मागे फरशीवर पडला होता, वाळून कडक झालेला. घाबरलेला फायरफिश उडी मारतो आणि आपल्या टँकवर झाकण नव्हतं. तो मुलगा म्हणाला, "त्याला बसायला जागाच न्हवती कुठं. दोन दिस बघतोय मी, पंपामागंच उभा हुता. खातबी न्हवता."

डिसेंबरमध्ये एक हिरवा क्रोमिस आणला. या वेळी झाकण केलं होतं. तोही गेला, पण चावून नाही. त्याच्या शेपटीचा थोडा भागच फाटला होता. आठ दिवस त्याने काही खाल्लं नाही, अंगावर साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके आले आणि नवव्या दिवशी संपला. ते ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. सततच्या भीतीने माशाची प्रतिकारशक्ती खचते आणि मग रोग आपलं काम करतो. बघणाऱ्याला वाटतं रोगाने मेला. खरं तर तो जागा न मिळाल्यामुळे मेला.

साधं भांडण की छळ?

प्रत्येक पाठलागाला घाबरून जाऊ नका. पहिले काही दिवस थोडी धावपळ होणारच. फरक असा ओळखा:

साधं भांडण असेल तर जुना मासा पंख फुलवून आडवा उभा राहतो, दोन-तीन सेकंद पाठलाग करतो आणि परत आपल्या भोकाशी जातो. (डॅमसेल टकटक असा आवाजही काढतो. रात्री कॉमन रूम शांत असेल तर काचेला कान लावून बघा.) नवा मासा हद्दीबाहेर गेला की विषय संपतो. दिवसागणिक पाठलाग कमी होतात. आणि नवा मासा खातो.

छळ असेल तर जुना मासा आपली जागा सोडून नव्याला शोधत फिरतो. नवा मासा वरच्या कोपऱ्यात, हीटरमागे किंवा पंपामागे उभा राहतो, कल्ले जोरजोरात हलतात, पंख फाटलेले दिसतात. आणि तो खात नाही. चोवीस तासांनंतरही असं दिसलं तर वाट बघू नका. "बसेल हळूहळू" हे वाक्य म्हणायचं नाही. मी ते दोनदा म्हटलंय.

तिसऱ्या वेळी काय केलं

फेब्रुवारीत पुन्हा प्रयत्न केला, या वेळी वाचून, विचारून आणि वेळ देऊन. पायऱ्या अशा:

१. निवड. ठिपक्यासारखा काळा, गोल, त्याच कुळातला भांडखोर मासा आणायचा नाही. फायरफिशही नाही. काही जोड्या जमतच नाहीत, तिथे हट्ट करण्यात मर्दुमकी नाही. आम्ही पाच हिरवे क्रोमिस आणि दोन पायजमा कार्डिनल निवडले. क्रोमिस हा डॅमसेलचाच चुलतभाऊ, पण तो भोकाजवळ न राहता मधल्या पाण्यात थव्याने फिरतो. कार्डिनल संथ आणि रात्रीचा प्राणी. म्हणजे ठिपक्याला जे हवं ते यांना फारसं नको.

२. एक नाही, अनेक. एकटा मासा आणला तर सगळा राग त्याच्यावर निघतो. पाच-सात एकदम आले की राग वाटला जातो, लोड शेअरिंग म्हणा. मात्र टँकच्या क्षमतेपेक्षा जास्त नकोत, नाहीतर अमोनिया वाढेल.

३. चार आठवडे वेगळी खोली. स्टोअर रूममध्ये ५० लिटरचा प्लास्टिकचा क्रेट, स्पंज फिल्टर, हीटर आणि पी.व्ही.सी.चे तुकडे. नवे मासे आधी इथे. रोग असेल तर इथेच कळतो. शिवाय प्रवासाने थकलेला मासा चार आठवडे शांतपणे खाऊन तगडा होतो. मुंबईहून आलेला मासा थेट ठिपक्यासमोर सोडणं म्हणजे रात्रभर एस.टी.त उभं राहून आलेल्या मुलाला सकाळी थेट ओरलला बसवणं.

इथे थोडी केमिस्ट्री. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच कमी असतो, म्हणून तो बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडून तासभर गप्पा मारत बसू नका. क्रेटमधल्या पाण्याची क्षारता आधीच पिशवीच्या पाण्याइतकी करून ठेवा, बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा आणि मग उघडून मासा पटकन हलवा. पिशवीतलं पाणी टाकून द्या.

४. ठिपक्याला पकडणं. जाळी घेऊन मागे लागलात तर तो कौलांत शिरतो आणि तुम्ही दुपार घालवता. माझ्या पार्टनरचा जुगाड असा: दोन लिटरची पाण्याची बाटली घ्यायची, तोंडाकडचा भाग कापायचा आणि उलटा करून आत बसवायचा, म्हणजे नरसाळं झालं. आत खाऊ ठेवायचा आणि बाटली वाळूवर आडवी. ओढ्यात मासे धरायची त्याच्या गावाकडची पद्धत. ठिपक्या वीस मिनिटांत आत. बाहेर कसं यायचं ते त्याला सुचलं नाही.

५. घराची नवी मांडणी. ठिपक्या बाटलीत असताना सगळी कौलं उचलून पुन्हा वेगळी रचली. त्याचं जुनं भोक उरलंच नाही. त्यामुळे आधी आल्याचा जो फायदा असतो तो गेला, आता सगळेच नवीन. रचताना दोन गोष्टी पाळा. माशांपेक्षा भोकं जास्त असावीत. आणि प्रत्येक भोकाला दोन तोंडं असावीत, म्हणजे पळणारा कोंडीत सापडत नाही. मधे एक उंच रांग ठेवली तर टँकच्या एका टोकावरून दुसरं दिसत नाही. नजरेआड झाला की निम्मं भांडण संपतं.

६. जाळीचा डबा. जेवणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्याला सोल्डरिंग गनने भोकं पाडलेली आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या. ठिपक्याला आठ दिवस या डब्यात, टँकच्या आतच ठेवलं. पाणी तेच, खाणं वेळेवर, फक्त धावून जाता येत नाही. पहिले दोन दिवस तो काचेवर डोकं आपटल्यासारखं करत होता. नंतर थंडावला. तेवढ्या काळात क्रोमिस आणि कार्डिनल यांनी आपापल्या जागा धरल्या. बरेच लोक नव्या माशाला डब्यात ठेवतात आणि तेही चालतं. पण गुंड एकच आहे आणि ओळखीचा आहे, तर त्यालाच आत ठेवणं बरं. नव्याने का कैदेत राहायचं?

७. सोडायची वेळ. रात्री, दिवे बंद करून, सगळ्यांना पोटभर खायला घालून. नवे मासे असोत की ठिपक्याची सुटका, दोन्ही अंधारातच केलं. डॅमसेल रात्री झोपतो. सकाळी उठला तेव्हा सगळे आधीच घरात बसलेले होते.

८. दोन ठिकाणी खाणं. टँकच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी थोडं थोडं. एक मासा दोन ताटांवर पहारा देऊ शकत नाही.

९. आरसा. सुटकेनंतर पहिले तीन दिवस माझा दाढीचा आरसा टँकच्या डाव्या काचेला बाहेरून दिवसातून तासभर लावला. ठिपक्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसला. फार दिवस लावू नका, त्याचाही जीव शिणतो.

पार्टनरने वहीत दहा मिनिटांतले पाठलाग मोजून लिहिले होते. सुटकेच्या दिवशी २३, चौथ्या दिवशी ९, आठव्या दिवशी २. कंट्रोल सिस्टीमवाल्यांनी ग्राफ काढून बघावा, छान डॅम्प्ड रिस्पॉन्स आहे! ओळख झालेल्या शेजाऱ्याशी प्राणी कमी भांडतो आणि परक्याशी जास्त. पक्ष्यांच्या अशा शेजाऱ्यांना जेम्स फिशर यांनी १९५४ मध्ये 'प्रिय शत्रू' म्हटलं होतं. ठिपक्या आणि कार्डिनल आता तसेच आहेत.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पाच क्रोमिसपैकी एक वर्षभरात गेला, ठिपक्यामुळे नाही, तर बाकीच्या क्रोमिसमुळे. लहान टँकमध्ये क्रोमिसचा थवा आपल्यातल्या सर्वांत दुबळ्याला टोचून टोचून संपवतो, हे आम्हाला नंतर कळलं. आणि टँक साफ करताना ठिपक्या अजूनही बोटाला चावतो. हातमोजे वहीच्या बाजूला आहेत.

क्लाऊनफिशची रांग

एक इशारा. 'फाइंडिंग निमो' (२००३) बघून दर वर्षी कोणीतरी म्हणतं की आणखी एक निमो आणू. आणू नका. क्लाऊनफिशमध्ये रांग असते. एका समुद्रफुलात सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या नंबरचा नर, आणि बाकीचे लहान, ज्यांना पिल्लं होत नाहीत. मादी मेली की नर स्वतः मादी होतो आणि तिसऱ्या नंबरचा बढती मिळून नर होतो. (म्हणजे सिनेमात निमोची आई गेल्यावर खरं तर त्याच्या बाबांची आई व्हायला हवी होती!) पीटर बस्टन यांनी २००३ मध्ये दाखवलं की खालच्या नंबरचे मासे आपली वाढच रोखून धरतात, म्हणजे वरच्याला ते स्पर्धक वाटत नाहीत. वरच्याच्या आकाराजवळ जाणाऱ्याला हाकलून दिलं जातं.

आपल्या टँकमधली जोडी जमलेली आहे. समुद्रफूल नसल्यामुळे त्यांनी पंपाचा कोपरा घर मानलं आहे. तिथे तिसरा आला तर त्याला मरावं लागेल. कधीकाळी नवी जोडी घ्यावी लागलीच तर हॅचरीत जन्मलेली घ्या. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे, समुद्रातून उचललेला मासा घ्यायची गरज नाही. एक मोठा आणि एक लहान असे घ्या, म्हणजे मादी कोण यावरून वाद होत नाही.

दुसरा टँक

आता जे लिहितो आहे ते लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पार्टनर म्हणाला, लिही.

आमची रूम तीन जणांची. फर्स्ट इयरला आम्ही दोघंच होतो. तिसऱ्या कॉटवर आमच्या बॅगा आणि ओले कपडे असायचे. सेकंड इयरच्या सप्टेंबरमध्ये डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एक मुलगा रेक्टर सरांनी आमच्याकडे पाठवला. कॉलेज सुरू होऊन महिना झाला होता. आम्ही भांडलो नाही, हे आधी सांगतो. रॅगिंग तर नाहीच. आम्ही फक्त बॅगा थोड्या सरकवल्या. खिडकी आमची, दोन्ही टेबलं आमची, चार्जिंगचा पॉइंट आमचा. त्याच्या बोलीवर एक-दोनदा हसलो. तो आला की आमचं बोलणं थांबायचं. रात्री आम्ही दिवा घालवायचो तेव्हा तो पुस्तक उचलून कॉमन रूममध्ये जायचा. आम्हाला वाटायचं, अभ्यासू आहे.

फायरफिशला दोन दिवस बघत बसलेला आणि पहाटे मला उठवणारा मुलगा तोच. "त्याला बसायला जागाच न्हवती" हे वाक्य तेव्हा मी माशाबद्दलच ऐकलं.

जानेवारीत रिझल्ट लागला. त्याचे दोन विषय राहिले. वॉचमन काकांनी मला गेटवर थांबवून विचारलं, "तुमच्या रूमचा तो पोरगा ॲडमिशन कॅन्सल करून घरी चाललाय म्हणे, खरं का?" मला माहीतच नव्हतं. एकाच खोलीत झोपतो, आणि वॉचमन काकांना जे माहीत ते मला नाही! त्याच आठवड्यात मी कौलं नव्याने रचण्याबद्दल वाचत होतो. उरलेल्या कोपऱ्यात नव्याला बसवायचं नसतं, सगळ्यांच्याच जागा हलवायच्या असतात. वाचता वाचता मला ऑक्टोबरमधलं ते वाक्य आठवलं, आणि या वेळी ते माशाबद्दल वाटलं नाही.

टँकमधली कौलं आम्ही एका रविवारी हलवली. त्याच्या आदल्या रविवारी रूममधल्या तिन्ही कॉट हलवल्या. खिडकी त्याच्या वाट्याला आली, टेबलं तिघांत वाटली, मेकॅनिकलच्या एकाकडून एक्सटेंशन बोर्ड आणला. माझा जुना पार्टनर दोन दिवस घुश्शात होता, मग तोही ठीक झाला. मी माफी मागितली का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही मागितली. जमलं नाही. "बाटलीचा सापळा तू करशील का?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, "करू की."

तो घरी गेला नाही. दोन्ही विषय निघाले. मी ज्याला या लेखात पार्टनर म्हणत आलो तो हाच.

लोरेन्झवर टीका झाली ती याच कारणाने, की मासा तो मासा आणि माणूस तो माणूस. मला ते मान्य आहे, पण त्यामुळे आपली सुटका होत नाही, उलट आपण जास्त अडकतो. ठिपक्याला दुसरा पर्यायच नव्हता. टँक कोणी बांधला, भिंत कोणी घातली, त्याला काय माहीत? मला सगळं माहीत होतं.

जाता जाता

टँकची किल्ली वॉचमन काकांकडे आहे. ज्यांना चार्ज घ्यायचा आहे त्यांनी मे महिन्याच्या आत आमच्या रूमवर यावं, कोणत्याही वर्षाचा चालेल. पाणी आटलं तर वरून साधं आर.ओ.चं पाणी घाला, खारं नको, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. झाकण कायम बंद ठेवा. ठिपक्याला कधीही ओढ्यात किंवा समुद्रात सोडू नका. ओढ्यात तो मरेल, आणि पाळलेला मासा समुद्रात सोडणंही बरोबर नाही.

पुढच्या सप्टेंबरमध्ये डायरेक्ट सेकंड इयरची मुलं येतील तेव्हा कॉमन रूममध्ये एक चक्कर मारा. रात्री साडेअकराला तिथे कोणी एकटाच पुस्तक घेऊन बसलेला दिसला, तर तो अभ्यासू आहे असं समजू नका. कोणत्या रूमचा आहे ते विचारा.